ब्रोकोली आणि ‘सिद्ध झालंय’

मम्मीच्या मोबाइलवर मेसेज आला: ‘ब्रोकोलीने कॅन्सर बरा होतो, शास्त्राने सिद्ध झालंय.’ झालं! घरात रोज ब्रोकोली सुरू. आपण साहित्याचे विद्यार्थी, शब्द तपासणं हेच आपलं काम. म्हणून मी ‘सिद्ध’ या शब्दाच्या मागे लागले.

ब्रोकोली ही कोबी, फ्लॉवर, नवलकोल यांच्याच जातीची. १९९२ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तलाले यांच्या गटाने तिच्यातून सल्फोराफेन नावाचं द्रव्य वेगळं काढलं. गंमत म्हणजे अख्ख्या गड्ड्यात ते जवळपास नसतंच. ग्लुकोराफॅनिन एका कप्प्यात, मायरोसिनेज हे विकर दुसऱ्या. आपण चिरतो किंवा चावतो तेव्हा दोघांची गाठ पडते आणि सल्फोराफेन तयार होतं. भाजी खूप उकळली की विकर मरतं. मग उतरवलेल्या भाजीवर कच्च्या मोहरीची पूड घातली तर काम होतं, कारण मोहरीतही तेच विकर असतं. (फोडणीत तडतडलेली मोहरी चालणार नाही हं!)

आता ‘सिद्ध’. सल्फोराफेनचे कॅन्सरविषयीचे बरेच प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर झालेत. माणसांवरचा एक गाजलेला प्रयोग चीनमधल्या छिदोंगचा, २०१४ साली छापून आलेला. २९१ माणसं, १२ आठवडे, ब्रोकोलीच्या कोंबांचं पेय. ते पिणाऱ्यांच्या लघवीतून हवेतल्या बेंझिनचा निचरा ६१ टक्क्यांनी वाढला. छान आहे, पण मोजला तो निचरा, कॅन्सर नव्हे. आणि दिलं ते पेय, आपली भाजी नव्हे. भाज्या जास्त खाणाऱ्यांना आजार कमी, असंही काही पाहण्यांत दिसतं. पण अशी माणसं बहुधा चालतातही जास्त आणि सिगारेटही कमी ओढतात. श्रेय कुणाला द्यायचं?

हे सगळं मी वाचलं ते आजीमुळे. तिच्या हृदयाची झडप बदललीय, रक्त पातळ ठेवायला वॉरफरिन चालू आहे. शंभर ग्रॅम ब्रोकोलीत साधारण शंभर मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के असतं, आणि ते या गोळीच्या नेमकं उलट काम करतं. दोन आठवडे रोज वाटीभर खाल्ल्यावर तिचा आयएनआर खाली आला. डॉक्टरांनी विचारलं, “जेवणात नवीन काय?” आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. भाजीनेही काही होऊ शकतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यांनी ब्रोकोली बंद केली नाही. दर आठवड्याला तेवढीच खा, एकदम वाढवू नका, एकदम सोडूही नका, म्हणाले. आता रविवारी मिस्साहून आल्यावर आजीला छोटी वाटी मिळते. ती म्हणते, “ह्याच्यापेक्षा आपला फ्लॉवर बरा गो.”