एक घर, तीन दलाल

मिळकतीत प्रथमच पैसा गुंतवणाऱ्या माणसाची अशी समजूत असते की, जितके दलाल अधिक, तितकी घरे अधिक पाहावयास मिळतील. भारतातील शहरांत ती थोड्याच प्रमाणात खरी ठरते. आपली सदनिका विकावयाची आहे, असे एकच मालक चार दलालांना सांगतो. ते चौघे ही गोष्ट आणखी काहींच्या कानी घालतात. तीच सदनिका मग निरनिराळ्या मुखांतून, क्वचित निरनिराळ्या किमतीस, पुढे येते.

याहून सूक्ष्म असा एक तोटा आहे. एका घराविषयी तिघा दलालांकडे चौकशी केली, तर तिघेही मालकाकडे ‘गिऱ्हाईक आहे’ असा निरोप नेतात. गिऱ्हाईक एकच असते. मालकाला मात्र तीन दिसतात आणि तो किंमत धरून ठेवतो. खरेदीदाराची ही स्वतःशीच चाललेली चढाओढ असते आणि ती त्याला कळतही नाही. यास्तव एका वस्तीसाठी एक दलाल, दुसरीसाठी दुसरा, अशी वाटणी करावी व ती दोघांनाही आरंभीच सांगावी. एखादा रुसेल, पण व्यवहारानंतरच्या भांडणापेक्षा तो रुसवा स्वस्त पडतो.

हे भांडण बहुधा दलालीचे असते. घर दाखविले एकाने, सौदा जुळविला दुसऱ्याने, आणि हक्क सांगतात दोघेही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमातील कलम २१९ नुसार, वेगळा करार नसल्यास काम पूर्ण झाल्यावाचून अभिकर्त्याचा मोबदला देय होत नाही. परंतु काम कोणी पूर्ण केले, हे पुराव्यानेच ठरवावे लागते. कोणते घर, कोणत्या तारखेस, कोणी दाखविले, याची साधी वही येथे उपयोगी पडते. दलालीचा दर व ती केव्हा द्यावयाची, हे घर पाहण्यापूर्वीच लेखी असावे.

२०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाच्या ज्या तरतुदी १ मे २०१७ पासून अमलात आल्या, त्यांनुसार नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकून देणाऱ्या दलालाची स्वतःची नोंदणी आवश्यक असते. तिचा क्रमांक प्रथम भेटीतच विचारावा. तो खोटा निघाला, तर दुसऱ्या भेटीचे कारण उरत नाही. जुनी घरे पुष्कळदा अशा प्रकल्पांबाहेरची असतात. तेथे हा क्रमांक पुरत नाही. मालकी व बोजा यांचा शोध वकिलाकरवी दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातील दप्तरातूनच घ्यावा लागतो, मग घर कोणत्याही दलालाने दाखविलेले असो.