आधीच्या कामाची शिदोरी : ‘थ्रीज’ या खेळाचा अभ्यास

कारागीर आधीच्या कामातून शिकतो, असे आपण सहज म्हणतो. परंतु तो नेमके काय शिकतो आणि ते कोठे साठवतो, याचा विचार क्वचितच होतो. कोणाची नोकरी न करता एकट्यादुकट्याने मोबाइलची ॲप तयार करणाऱ्यांच्या बाबतीत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा. कारण त्यांच्या पाठीशी ना वरिष्ठ असतो, ना जुने दप्तर. उदाहरणादाखल मी एक अमेरिकन जोडी घेतली आहे.

ॲशर व्होलमर व ग्रेग वोलवेंड यांनी २०१२ साली ‘पझलज्यूस’ हा खेळ काढला. वरून पडणारे ठोकळे रचायचे, रंग जुळवायचे, त्यांतून निघालेल्या अक्षरांचे शब्द करायचे. तीन खेळ एकाच ताटात! पुढे त्यांनी ‘थ्रीज’ हाती घेतला. सोळा घरांचा पट. १ आणि २ मिळून ३. त्यानंतर सारख्याशीच सारखे जुळते, ३ व ३ सहा, ६ व ६ बारा. पहिल्या खेळातली गर्दी पाहता दुसऱ्याचा साधेपणा ही त्या अनुभवाचीच कमाई होय, असे माझे मत आहे.

मात्र हा साधेपणा सुखासुखी आला नाही. मूळ चाल आरंभापासून तीच होती. तिच्यावर विश्वास बसायला वेळ लागला. आकड्यांना सुशी, बुद्धिबळ, प्राणी, हायड्रोजनचे अणू असे नाना वेष चढवून झाले. वाट अडवणाऱ्या भिंती आल्या, राक्षस आले. कशाला काय जोडायचे हेच खेळणाऱ्यांना उमगेना. अखेर सारे उतरवून पुन्हा आकडे! यात १४ महिने गेले. फेब्रुवारी २०१४ मध्ये खेळ बाहेर पडला आणि त्या वर्षीचा आयफोनवरील सर्वोत्तम खेळ म्हणून ॲपलने त्याची निवड केली.

तीन आठवड्यांतच ‘१०२४’ ही नक्कल आली. मार्चमध्ये गाब्रिएले चिरुल्ली या १९ वर्षांच्या (म्हणजे माझ्याच वयाच्या) इटालियन तरुणाने शनिवार-रविवारात ‘२०४८’ रचला व फुकट खुला केला. जगाने तोच उचलला; पुष्कळांना तर ‘थ्रीज’ हीच नक्कल वाटली. चिरुल्लीला चोर म्हणणे मला पटत नाही. त्याने आधीच्या खेळांची नावे स्वच्छ सांगितली होती. पण दुसऱ्याच्या तयार खेळातून चाल मिळते. कोणत्या चाली टाकल्या आणि का टाकल्या, हे मिळत नाही. ते त्या दोघांच्या पत्रांत होते, आणि त्याच महिन्यात त्यांनी ती पत्रे प्रसिद्ध केली. नकलांना त्यांनी दिलेले हे उत्तर मला फार मोलाचे वाटते.

आमच्या घरात कॉलेजात आलेला मीच पहिला. वडील गवंडी आहेत. जिन्याची पायरी सहा इंचांचीच का, असे विचारले तर “आधीच्या घराला कळलं,” एवढेच सांगतात. कोणते घर, काय बिघडले, कोणी बोलले का, याची नोंद कोठेही नाही. त्यांच्या हाताला सारे ठाऊक आहे. मला मात्र पायरी तेवढी दिसते. हल्ली मी त्यांना एकेक घर विचारून वहीत उतरवून घेतो. आतापर्यंत चार घरे झाली आहेत.