तीन पायऱ्या

कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, वेदगंगेच्या खोऱ्यात गारगोटी हे भुदरगड तालुक्याचे मुख्य गाव आहे. डॉ. जे. पी. नाईक यांनी १९५२ साली येथे मौनी विद्यापीठाची स्थापना केली आणि खेड्यापाड्यांतील मुलांना शिक्षणाची वाट मोकळी झाली.

मुलांनो, येथे शिकलेल्या, चाकाच्या खुर्चीवरून फिरणाऱ्या एका तरुणाची कल्पना करा. त्याला शासकीय नेमणुकीचा हुकूम मिळाला. पण कचेरीच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत. सहकारी म्हणाले, "काळजी कशाला? आम्ही रोज उचलून नेऊ." त्यांचा हेतू चांगला खरा, परंतु पाणी पिण्यास बाहेर जायचे तरी चौघांना हाक मारावी लागावी, ही काय नोकरीची रीत झाली?

हे दुःख कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी स्वतः जाणले आहे. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर त्यांचे पाय निकामी झाले. तरीही त्यांनी शिक्षण पुरे केले, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. अपंग मुलांसाठी वसतिगृह झाले, शाळा झाली. पुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यात अपंग तरुणांसाठी काजूप्रक्रियेचा उद्योगही निघाला. दान घेणाऱ्या हातांना काम मिळाले. त्यांच्या आत्मकथनाचे नाव 'चाकाची खुर्ची' असे आहे.

आता कायद्याकडे वळू. १९९५ च्या कायद्याने शासकीय नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखल्या. २०१६ च्या कायद्याने त्या ४ टक्के केल्या. त्यांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. शिवाय अपंग कर्मचाऱ्यास वाजवी सोय करून देणे हे शासकीय कचेरीचे कर्तव्य ठरले. नोकरीत असताना अपंगत्व आले, तरी त्या कारणाने शासकीय कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही. जुने काम जमत नसेल, तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे लागते.

मात्र कायदा आपण होऊन कोणाच्या दारी येत नाही. तो मागावा लागतो, आणि मागतानाही शब्द नेमके हवेत. 'माझ्यावर दया करावी' असे आपल्या तरुणाने लिहिले नाही. त्याने लिहिले, "मी कामावर हजर आहे. प्रवेशद्वाराशी उतरण बांधून मिळावी व माझे मेज खुर्चीच्या उंचीस जुळेल असे असावे." अर्ज तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे गेला, तर दोन आठवड्यांत चौकशी व्हावी, असे कायदा सांगतो, तेथे समाधान झाले नाही, तर जिल्हा समितीकडे जाता येते. म्हणून त्याने अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली आणि ती घडी घालून खिशात ठेवली.