वादळानंतर दुकानातील संगणक सुरू होत नसेल तर

व्यापारी बंधूंनो, आपल्या धंद्यात आता संगणक ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. 1 जुलै 2017 पासून जीएसटी लागू झाला आणि बिल, विवरणपत्र, ई-वे बिल ही सारी कामे संगणकावर आली. किर्द-खतावणीच्या लाल वह्या माळ्यावर गेल्या. आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो, त्याच दिवसांत लग्नसराईही असते. रात्री वारा सुटतो, विजा कडाडतात, लाईट दहा वेळा जाते-येते आणि सकाळी बटण दाबावे तर संगणक मुका! समुद्र दूर आहे म्हणून आपण सुरक्षित, असेही नाही. 3 जून 2020 रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या 'निसर्ग' चक्रीवादळाचा तडाखा अकोले-संगमनेरपर्यंत बसला होता.

अशाच एका सकाळी आमच्या दुकानात मेकॅनिक आला. दोन मिनिटे पाहून म्हणाला, "मदरबोर्ड गेला, नवीन घ्या." आम्ही घाई केली नाही. दुसऱ्या जाणकाराने पाहिले तेव्हा यूपीएसच्या मागचा फ्यूज उडालेला निघाला. काही रुपयांत काम झाले. तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो: वीज ज्या वाटेने संगणकापर्यंत येते, त्याच वाटेने तपासत जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

1) प्रथम बटण पुन्हा पुन्हा दाबणे थांबवा. जळका वास येत असेल, बोर्ड ओला असेल तर मेन स्विच बंद करून वायरमनलाच बोलवा.

2) भिंतीतील सॉकेट पाहा. टेस्टर पेटला म्हणजे वीज ठीक आहे असे नव्हे, कमी दाबावरही तो पेटतो. जुना पिवळा बल्ब लावून पाहावा. मंद जळाला तर दाब कमी आहे. डोळे दिपतील इतका जळाला तर मेन स्विच ताबडतोब बंद करा. वादळात खांबावरील न्यूट्रल तार तुटली, तर 230 व्होल्टच्या जागी 400 च्या आसपास दाब येऊ शकतो. अशा वेळी महावितरणच्या 1912 क्रमांकावर तक्रार करावी आणि ते दुरुस्त होईपर्यंत काहीही जोडू नये.

3) सॉकेट ठीक असेल तर स्पाईक गार्ड व यूपीएस बाजूला काढून संगणक एकदा थेट भिंतीतील सॉकेटला लावा. सुरू झाला तर दोष या दोहोंतच आहे. स्पाईक गार्ड स्वतः जळून पुढचे यंत्र वाचवतो, तेच त्याचे काम. असा जळालेला गार्ड पुन्हा वापरू नये.

4) केबल बदला. बहुतेक मॉनिटरची केबल कॅबिनेटलाही बसते. तसेच कॅबिनेटमधील पंखा फिरतो आणि फक्त पडदा काळा आहे, असे तर नाही ना, हेही पाहा.

5) केबल काढून, पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. प्रिंटर, इंटरनेटची वायर, पेन ड्राईव्ह सर्व काढा. विजेचा झटका इंटरनेटच्या वायरीतूनही येतो, हे अनेकांना माहीत नसते. आता फक्त पॉवर केबल लावून, मागचा छोटा स्विच चालू करून पाहा.

6) तरीही हालचाल नसेल तर संशय एसएमपीएसवर येतो. भिंतीच्या विजेचे 12, 5 व 3.3 व्होल्ट करून देणारा हा डबा वादळात सर्वांत आधी झटका खातो. मेकॅनिकला मीटरने हे दाब मोजायला सांगा किंवा चालू स्थितीतला दुसरा एसएमपीएस लावून पाहायला सांगा. नुसता पंखा फिरला म्हणजे तो चांगला आहे असे होत नाही. हा डबा स्वतः कधीही उघडू नका. केबल काढल्यावरही त्याच्या आत तीनशे व्होल्टच्या वर वीज काही वेळ राहू शकते.

7) दुसऱ्या एसएमपीएसवरही यंत्र उठले नाही, तरच मदरबोर्ड गेला असे समजावे.

आता खरी गोष्ट. मदरबोर्ड गेला तरी हिशेब जात नाही, तो हार्डडिस्कमध्ये असतो आणि ती अनेकदा शाबूत असते. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराचा एसएमपीएस खरोखरच जळाला होता. दुरुस्तीला देताना तो काही बोलला नाही, आणि यंत्र परत आले तेव्हा हार्डडिस्क कोरी करून दिलेली होती. तीन वर्षांची उधारी पुसली गेली. देणेकरी कोण हे आठवेना. ज्यांनी पैसे फेडले होते, त्यांच्याकडेही पुन्हा मागणी गेली. पैशापेक्षा या शरमेचे दुःख त्याला अधिक झाले.

कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा कुरआनच्या सूरह अल-बकराच्या 282व्या आयतीत आहे आणि ती कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत आहे. खातेवहीत केवळ आपला नफा नसतो, दुसऱ्याचा हक्कही असतो. ती अमानत आहे. जीएसटी कायद्यानेही हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावी लागतात.

म्हणून यंत्र दुरुस्तीला देताना "माझ्या परवानगीशिवाय फॉरमॅट करू नये" असे पावतीवर लिहून घ्या. रोज दुकान वाढवताना हिशेबाची प्रत पेन ड्राईव्हवर घ्या आणि तो पेन ड्राईव्ह घरी न्या. आठवड्यातून एकदा दुसऱ्या पेन ड्राईव्हवरही प्रत घ्या. ढग दाटून आले की स्विच बंद करून थांबू नका, पॉवरची आणि इंटरनेटची, दोन्ही वायरी काढून ठेवा. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

यंत्र पुन्हा विकत मिळते. गेलेला हिशेब आणि गेलेला भरवसा कोणत्याही बाजारात मिळत नाही. अल्लाह आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो.