शेअर विकला, तो दुसऱ्यानं घेतला. मग फरक काय पडला?

प्रश्न : कोळसा आणि तेल कंपन्यांमधले पैसे काढून घ्या, म्हणून परदेशातले विद्यार्थी आपल्याच विद्यापीठांविरुद्ध आंदोलनं करतात. पण शेअर विकायचा तर तो कोणीतरी विकत घेणारच. त्यात कंपनीचं काय वाकडं होतं? आणि आपल्या पीएफचा या सगळ्याशी काही संबंध आहे का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमचा हिशेब बरोबर आहे. कंपनीला शेअरचे पैसे मिळतात ते ती नवे शेअर बाजारात आणते तेव्हा. पुढे तो शेअर कितीही हात फिरला तरी तिच्या तिजोरीत भर पडत नाही आणि तूटही येत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१३ साली या मोहिमेची छाननी केली, तेव्हा त्यांचाही निष्कर्ष असाच होता : शेअरविक्रीचा थेट परिणाम किरकोळ. कंपन्यांना खरा धोका आहे तो नाव खराब होण्याचा, असं त्यांनी म्हटलं. एकदा नाव गेलं की सरकार कायदे कडक करायला कचरत नाही, बँका आणि विमा कंपन्याही हात आखडता घेतात.

विद्यार्थ्यांना हे माहीत असतं. त्यांच्यासमोर दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण आहे. वर्णभेदी राजवटीशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांमधून अमेरिकेतल्या हॅम्पशायर कॉलेजनं १९७७ साली पैसे काढले. एवढ्याशा कॉलेजच्या पैशानं प्रिटोरियाचं सरकार हलणार नव्हतंच, पण प्रश्न शेकडो संस्थांच्या बैठकांत जाऊन बसला. आर्चबिशप डेझमंड टूटू वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यातून तावून-सुलाखून निघालेले. २०१४ साली त्यांनी इंधन कंपन्यांविरुद्धही तसाच बहिष्कार हवा असं लिहिलं.

हार्वर्डचं बघा. २०१३ मध्ये तिथल्या अध्यक्षांनी स्पष्ट नकार दिला : विद्यापीठाचा निधी शिक्षणासाठी आहे, राजकीय बदल घडवण्यासाठी नाही. त्यानंतर धरणे आंदोलनं झाली, माजी विद्यार्थ्यांनी देणग्या रोखल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये हार्वर्ड आणि येल यांच्या फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात दोन्हीकडचे विद्यार्थी मैदानात बसले. खेळ बराच वेळ खोळंबला, पोलिसांनी अनेकांना ताब्यात घेतलं. नवे इंधनसाठे शोधणाऱ्या कंपन्यांमध्ये आपली थेट गुंतवणूक नाही आणि पुढेही ती करणार नाही, हे हार्वर्डनं जाहीर केलं ते सप्टेंबर २०२१ मध्ये.  आठ वर्षांनी जगातल्या सर्वांत श्रीमंत विद्यापीठाला ही गुंतवणूक शहाणपणाची नाही, असं चारचौघांत मान्य करावं लागलं. माझ्या मते हीच या मोहिमेची खरी कमाई.

पैशावरचा परिणाम बघायचा असेल, तर शेअर सोडून कर्जाकडे वळावं लागतं. नवी खाण किंवा नवं वीजकेंद्र उभं राहतं ते कर्जावर. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या अदानींच्या कारमायकल खाणीची गोष्ट त्यासाठी नीट समजून घेण्यासारखी आहे. मूळ बेत वर्षाला ६ कोटी टन कोळशाचा, खर्च १६.५ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर. २०१४ मध्ये स्टेट बँकेनं १ अब्ज अमेरिकी डॉलरच्या कर्जासाठी सामंजस्य करार केला. तिकडे कार्यकर्त्यांनी एकेका बँकेच्या शाखेसमोर ठाण मांडलं आणि ऑस्ट्रेलियातल्या चारही मोठ्या बँका या प्रकल्पापासून दूर राहिल्या. अखेर नोव्हेंबर २०१८ मध्ये अदानींनी खाण स्वतःच्या पैशानं, पण बऱ्याच लहान आकारात सुरू करण्याचं जाहीर केलं : सुरुवात १ ते दीड कोटी टनांपासून, खर्च सुमारे २ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर.

२०२० मध्ये स्टेट बँकेच्या कर्जाची चर्चा पुन्हा निघाली. त्या नोव्हेंबरमध्ये सिडनीला भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना चालू असताना एक आंदोलक हे कर्ज देऊ नका असा फलक घेऊन थेट खेळपट्टीच्या दिशेनं धावला, ते अनेकांनी टीव्हीवर पाहिलं असेल. त्याच सुमारास ॲमुंडी या फ्रेंच गुंतवणूक कंपनीनं बजावलं, की हे कर्ज दिलंत तर तुमचे हरित रोखे आम्ही विकून टाकू. रोखे विकण्याची ताकद असते ती इथे, कारण बँकेला उद्या पुन्हा बाजारात पैसे मागायला यायचं असतं.

तरीही खाण झालीच. डिसेंबर २०२१ मध्ये पहिला कोळसा निर्यातीसाठी तयार होता. हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवं. मोहिमेनं खाण थांबवली नाही. ती वर्षानुवर्षं लांबवली आणि लहान केली. जमिनीखाली राहिलेला प्रत्येक टन मोलाचा आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून मी हे अपयश मानत नाही.

मात्र मोहिमेच्या बाजूनं ४० लाख कोटी डॉलरसारखे आकडे फेकले जातात, ते पारखून घ्या. कंपन्यांतून एवढे पैसे निघालेले नाहीत. ज्या संस्थांनी अशी घोषणा केली, त्यांच्या एकूण मालमत्तेची ती बेरीज आहे. काहींनी फक्त कोळसा सोडला, तेल ठेवलं.

आता तुमचा पीएफ. तो सांभाळणारी ईपीएफओ २०१५ पासून काही रक्कम ईटीएफ या प्रकारच्या फंडांमार्फत शेअर बाजारात गुंतवते. त्यांतले काही निफ्टी ५०वर बेतलेले आहेत आणि त्या निर्देशांकात कोल इंडिया, ओएनजीसी, रिलायन्स आहेत. एलआयसीकडेही कोल इंडियाचे शेअर आहेत. म्हणजे संबंध आहे. तरी भारतात मी शेअर विका अशी मागणी पहिली करणार नाही. कोल इंडियाचे साठ टक्क्यांहून अधिक शेअर केंद्र सरकारकडे आहेत. किती खोदायचं ते दिल्लीत ठरतं. शिवाय चंद्रपूर, वणीच्या खाणींवर हजारो घरं चालतात. त्यांच्या उद्याच्या रोजगाराचा विचार न करता केलेली मागणी मला अन्यायाची वाटते.

आपल्याकडे प्रश्न विचारायचा तो नव्या कर्जांबद्दल : पुढची पंचवीस-तीस वर्षं कोळसा जाळत राहणाऱ्या नव्या केंद्रांना सरकारी बँका कर्ज का देतात, आणि अशा कंपन्यांचे रोखे आपले निधी का घेतात? ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळावर कामगार संघटनांचे प्रतिनिधी असतात. तुमची संघटना त्यांच्यामार्फत हे लेखी विचारू शकते.