करकोच्यांचा महाप्रवास

उन्हाळ्यात भर दुपारी आकाशाकडे पाहिले, तर एखादी घार पंख पसरून संथपणे घिरट्या घालताना दिसते. ती पंख हलवीत नाही. तरीही प्रत्येक घिरटीबरोबर अधिकाधिक उंच जाते. याचे रहस्य हवेत आहे. उन्हाने जमीन तापली की तिच्यालगतची हवा तापते, हलकी होते आणि वर चढू लागते. या चढत्या हवेवर घार आरूढ होते. युरोपातील पांढरा करकोचा याच विद्येच्या बळावर दर वर्षी हिवाळ्यापूर्वी आफ्रिका गाठतो.

करकोचा हा मोठा पक्षी. त्याचे वजन तीन-चार किलो भरते आणि पसरलेले पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे दोन मीटर होतात. एवढा भार केवळ पंख मारून वाहून न्यायचा म्हटले, तर तो लवकरच थकून जाईल. म्हणून सकाळी ऊन चढेपर्यंत तो थांबतो. मग चढत्या हवेत घिरट्या घालीत उंच जातो आणि तेथून पंख स्थिर ठेवून पुढे तरंगत जातो. उंची सरत आली की दुसरा प्रवाह शोधतो. सायंकाळी जमीन निवू लागली की त्याचा त्या दिवसाचा प्रवास संपतो.

परंतु वाटेत भूमध्य समुद्र आडवा येतो. पाणी जमिनीसारखे चटकन तापत नाही. त्यामुळे समुद्रावर चढत्या हवेचा आधार मिळत नाही. तेथे पंख मारीतच जावे लागते आणि मध्येच शक्ती संपली, तर उतरण्यास जागा नसते. म्हणून करकोचे सरळ वाट सोडून मोठा वळसा घेतात. पूर्वेकडील थवे तुर्कस्तानातील बॉस्फरसची चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडून सिनाईमार्गे नाईल नदीच्या खोऱ्यात उतरतात. पश्चिमेकडील थवे स्पेनच्या दक्षिण टोकाशी येतात. तेथे जिब्राल्टरची सामुद्रधुनी अवघी १४ किलोमीटर रुंद आहे. तरीही वारा आडवा व जोराचा असला, तर थवे तारिफा गावाच्या परिसरात थांबून राहतात. उतावळेपणाने निघालेला पक्षी खुल्या समुद्राकडे लोटला जाण्याचे भय असते.

समुद्र संपला की सहारा वाळवंट सुरू होते. तेथे चढती हवा विपुल, पण अन्न व पाणी दुर्मिळ! दीड हजार किलोमीटरांहून अधिक रुंदीचा हा वैराण प्रदेश ओलांडण्यास कित्येक दिवस लागतात.

हिवाळ्यात करकोचे कोठे जातात, याविषयी युरोपात एके काळी नाना तर्क चालत. १८२२ साली जर्मनीतील क्ल्युट्झ गावाजवळ एक करकोचा मारला गेला. त्याच्या मानेत आफ्रिकेतील एक लांब बाण आरपार रुतलेला होता. ती जखम सोसून तो पक्षी आपल्या घरट्याच्या देशी परतला होता! तो आजही रॉस्टॉक विद्यापीठात जतन करून ठेवलेला आहे.

या प्रवासाची खरी कसोटी लागते ती पिल्लांची. २०१४ साली दक्षिण जर्मनीतील २७ पिल्लांच्या पाठीवर शास्त्रज्ञांनी लहान नोंदयंत्रे बसविली. थव्यातील काही पिल्ले चढती हवा अचूक हेरीत व पुढे राहत. मागे पडणारी पिल्ले पंख मारून त्यांना गाठीत. ज्यांनी पंख कमी मारले, ती आफ्रिकेपर्यंत पोहोचली. ज्यांना फार मारावे लागले, त्यांतील बहुतेकांनी दक्षिण युरोपातच मुक्काम केला. कोण दूर जाणार, हे पहिल्या काही मिनिटांच्या उड्डाणावरूनच ओळखता येत होते.

ज्यांनी अधिक धडपड केली, ते अधिक दूर गेले नाहीत. हवेची पारख असणारे आणि योग्य वेळेची वाट पाहणारेच सहाराच्या पलीकडे उतरले.