संगणकाचे सूचनापत्र : घरची तपासणी आणि नमुन्याची निवड

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारी जाणाऱ्या शेजाऱ्याच्या हाती आपण चिठ्ठी दिली, अशी कल्पना करू. चिठ्ठीत 'हळदोण्याची मिरची १, चणे २' एवढेच लिहिलेले असते. हा १ म्हणजे किलो की पाव, हे दुकानदार गिऱ्हाइकाच्या ओळखीवरून जाणतो. शंका आल्यास विचारतो. संगणकाला दिलेल्या चिठ्ठीचे तसे नाही. तो विचारीत नाही. ठरलेल्या नियमाने तो अर्थ लावतो आणि काम पुरे करतो. या चिठ्ठीला कॉन्फिगरेशन फाईल म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला सूचनापत्र म्हटले आहे.

एखाद्या शिक्षकाने किंवा पंचायतीच्या कर्मचाऱ्याने गावातील जमिनींची यादी तपासणारा लहानसा प्रोग्रॅम तयार केला आहे, असे समजू. यादी वाचणे, प्रत्येक सर्वे क्रमांक योग्य रीतीने लिहिला आहे काय हे पाहणे, नोंदी गाववार लावणे व छापण्याजोगा तक्ता करणे, अशी चार कामे एकामागून एक आपोआप व्हावयाची असतात. एक काम फसले की पुढचे थांबते. अशा साखळीस पाईपलाईन असे नाव आहे. प्रोग्रॅममध्ये बदल करून तो सामाईक साठ्यात पाठविला की दूरचा संगणक ही साखळी चालवितो. गिटहब या संस्थेने आपली अशी सेवा २०१८ मध्ये जाहीर केली व नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वांस खुली केली. गिटलॅब व इतरांच्याही अशाच सेवा आहेत.

या सोयीत एक अडचण आहे. सूचनापत्रात एक ओळ चुकली तर ती दुरुस्त करून पुन्हा पाठवावी लागते, दूरच्या संगणकाची वाट पाहावी लागते, आणि मग दुसरी चूक कळते. पावसाळ्यात वीज किंवा इंटरनेट गेले तर दहा मिनिटांच्या कामास अख्खा दिवस लागतो. म्हणून साखळी प्रथम आपल्याच संगणकावर चालवून पाहणे हिताचे असते.

त्याचा सर्वांत साधा मार्ग असा : खरी कामे सूचनापत्रात लिहूच नयेत. ती एका वेगळ्या स्क्रिप्टमध्ये लिहावीत, किंवा 'मेक' या साधनाच्या फाईलमध्ये लिहावीत, आणि सूचनापत्रात केवळ 'ही स्क्रिप्ट चालवा' एवढीच आज्ञा ठेवावी. 'मेक' हे साधन स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्ज येथे १९७६ मध्ये तयार केले. ते आजही वापरात आहे, यावरून त्याची उपयुक्तता दिसून येते. या रीतीने तीच आज्ञा घरी व दूरच्या संगणकावर सारखीच चालते. माझ्या मते नवशिक्याने एवढ्यावर भागवावे.

ज्यांना सूचनापत्रासह सर्व साखळी घरी चालवावयाची आहे त्यांच्यासाठी 'ॲक्ट' नावाचे मुक्त साधन आहे. ते गिटहबचे सूचनापत्र वाचते आणि डॉकरच्या साह्याने त्यातील कामे आपल्या संगणकावर करते. डॉकर हा प्रोग्रॅमला एका बंदिस्त खोलीत, ठरावीक सामग्रीसह चालविण्याचा उपाय असून तो २०१३ पासून प्रचारात आला. ही सामग्री चांगले इंटरनेट असेल त्या दिवशी एकदा उतरवून ठेवावी. ॲक्टला प्रत्यक्ष काही न करता फक्त कामांची यादी दाखविण्यास सांगता येते. पहिल्या दिवशी तेवढेच करावे. पासवर्ड व गुप्त किल्ल्या वेगळ्या फाईलमध्ये ठेवाव्यात आणि ती फाईल सामाईक साठ्यात कधीही जाऊ देऊ नये.

घरी जमले म्हणजे दूर जमेलच असे मात्र नाही. विंडोज प्रणाली फाईलच्या नावातील मोठ्या व लहान इंग्रजी अक्षरांत सहसा भेद करीत नाही. दूरचा संगणक बहुधा लिनक्सवर चालतो व तेथे तो भेद कटाक्षाने केला जातो. मराठी नावे असलेली फाईल युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीने वाचावी असे प्रोग्रॅममध्ये स्पष्ट सांगितले नाही, तर काही विंडोज संगणकांवर 'डिचोली' ऐवजी विचित्र खुणा उमटतात. वेळेचेही तसेच. दूरचे संगणक सर्वसाधारणपणे जागतिक प्रमाणवेळ पाळतात व ती आपल्या साडेपाच तास मागे असते. शुक्रवारी पहाटे ३ वाजता करावयाचे काम तेथे गुरुवारी रात्री ९.३० ला नेमावे लागते.

आता सूचनापत्राच्या नमुन्यांकडे वळू. यॅमल, जेसन व टॉमल हे तीन नमुने विशेष प्रचलित आहेत. पाईपलाईनच्या सेवांनी बहुधा यॅमल ठरवून दिलेला असल्याने तेथे निवडीस वाव नाही. स्वतःच्या प्रोग्रॅमसाठी मात्र आहे.

यॅमल २००१ पासून विकसित झाला. तो डोळ्यांना सोपा वाटतो, कारण त्यात कंस व अवतरणचिन्हे फारशी लागत नाहीत. कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे, हे डाव्या बाजूस सोडलेल्या मोकळ्या जागेवरून ठरते. जागा चुकली तर ओळ मुकाट्याने दुसऱ्याच्या पोटात जाते. याहून मोठा धोका अर्थाचा. यॅमलच्या १.१ या आवृत्तीप्रमाणे अवतरणचिन्हांविना लिहिलेला इंग्रजी 'नो' हा शब्द 'असत्य' असा वाचला जातो. नॉर्वे देशाचे संक्षिप्त नाव याच दोन अक्षरांचे असल्याने तो देश कित्येक याद्यांतून नाहीसा झाला. त्याच आवृत्तीत इंग्रजी आकड्यांत १०:३० ही वेळ लिहिल्यास ६३० ही संख्या होते, आणि ०१२७ हा क्रमांक अष्टमान समजून ८७ होतो. २००९ च्या १.२ आवृत्तीत हे नियम बदलले. परंतु पायथॉन भाषेत सर्रास वापरले जाणारे वाचन-साधन अद्याप जुन्याच नियमांवर चालते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथॉनची ३.१० ही आवृत्ती निघाली तेव्हा अनेकांच्या सूचनापत्रांत ती ३.१ अशी वाचली गेली, कारण गणितात दशांश चिन्हापुढील शेवटचे शून्य निरर्थक आहे. आपल्याकडे या शून्याची किंमत फार आहे. गोव्यात एक-चौदाच्या उताऱ्यावर सर्वे क्रमांक व पोटविभाग क्रमांक असतात. कोणी आपल्या सोयीसाठी केलेल्या यादीत सर्वे ४५, पोटविभाग १० हे '४५.१०' असे लिहिले, तर संगणक ते ४५.१ करील व एकाची नोंद दुसऱ्याच्या जागेवर जाईल. '५/१०' असे लिहिल्यास तक्ता करणारे प्रोग्रॅम ते ५ ऑक्टोबर समजतात. जनुकांची नावे अशाच प्रकारे तारखा होऊ लागल्याने २०२० मध्ये जनुकांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय समिती काही नावे बदलण्यास प्रवृत्त झाली. सर्वे क्रमांक ही संख्या नव्हे, ते नाव आहे. ते नेहमी अवतरणचिन्हांत लिहावे.

जेसन हा नमुना शब्दांना अवतरणचिन्हे सक्तीची करतो, परंतु त्यात टीप लिहिता येत नाही आणि शेवटी एक स्वल्पविराम जास्त झाला तरी तो अडतो. दोन प्रोग्रॅमनी आपसांत माहिती द्यावी यासाठी तो उत्तम. टॉमल २०१३ मध्ये टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी सुरू केला व जानेवारी २०२१ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. त्यात टिपा लिहिता येतात व शब्दांना अवतरणचिन्हे लागतातच. खोल पोटभाग असले की तो अवघड होतो. पण कार्यालयातील किंवा शाळेतील लहान प्रोग्रॅमसाठी मी त्याचीच शिफारस करीन. ०१२७ असे उघडे लिहिल्यास टॉमल व जेसन दोन्ही वाचण्याचे नाकारतात. ४५.१० मात्र तेही निमूटपणे ४५.१ करतात, हे ध्यानात असावे.

गोव्यातील शाळांत 'केअर्स' योजनेखाली कोडिंग शिकविणाऱ्या शिक्षकांना एक सोपा पाठ घेता येईल. गावाचे नाव, ०१२७ हा क्रमांक व '४५.१०' ही नोंद तिन्ही नमुन्यांत मुलांकडून लिहून घ्यावी, सर्व अवतरणचिन्हे काढावयास सांगावीत, आणि कोणता नमुना कोठे थांबला व कोणत्याने काय छापले याचा तक्ता फळ्यावर मांडावा. नंतर त्याच क्रमांकाचे आकडे देवनागरीत लिहून पाहावेत : यॅमल त्यास शब्द समजून जसेच्या तसे ठेवतो, तर जेसन व टॉमल अवतरणचिन्हांविना ते स्वीकारीत नाहीत.